सुबाभूळ काढायची आहे, पण शेजारचा अनंत वाचवायचा आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुंपणालगत सुबाभळीची पाच-सहा झाडं आपोआप उगवली आहेत. बहुतेक मनगटाएवढी जाड आहेत, एक मांडीएवढं आहे. त्यांच्या पायाशीच अनंत, जास्वंद, कामिनी आणि एक जुना कढीपत्ता आहे. सुबाभळी दोनदा तोडल्या, दोन्ही वेळा आधीपेक्षा दाट फुटल्या. खुंटाला औषध लावावं तर ते मुळांतून बाकीच्या झाडांपर्यंत जाईल अशी भीती, आणि मुळासकट खणावं तर अनंताची मुळं तुटतील ही भीती.

दुसरी भीती खरी आहे. पहिली बऱ्याच अंशी निराधार आहे, पण औषध कोणतं निवडता आणि ते कसं लावता यावर सगळं अवलंबून आहे. योग्य औषध खुंटाच्या कडेला ब्रशने लावलं, तर शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडाला बाधा होण्याची शक्यता फार कमी असते. अशा कामात बागेची नासधूस होते ती बहुधा इतर कारणांनी: खणताना तुटलेली मुळं, वरून कोसळलेली फांदी, माणसांच्या पायांखाली दडपलेली माती, आणि वर्षानुवर्षांची सावली एका दुपारीत गेल्यावर अंगावर आलेलं ऊन. या सगळ्याचा विचार करवत हातात घेण्याआधी करायचा असतो, म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी तोडलेली सुबाभूळ पुन्हा का फुटते ते पाहू. पानांनी तयार केलेलं अन्न झाड मुळांत आणि बुंध्यात पिष्टाच्या रूपात साठवून ठेवतं. बुंध्याच्या सालीखाली सुप्त डोळे असतात. वरचा शेंडा शाबूत असेपर्यंत तिथून खाली येणारी संप्रेरकं या डोळ्यांना दाबून ठेवतात. खोड कापलं की तो दाब उठतो आणि डोळे फुटतात. खाली मुळांचा पसारा मोठ्या झाडाचा आणि वर पोसायचे फक्त कोंब, त्यामुळे ते कोंब कोणत्याही रोपापेक्षा जोरात वाढतात. तुम्ही दोनदा तोडलंत तेव्हा झाडाची छाटणी झाली, मुळांतली साठवण जागच्या जागी राहिली. ती साठवण संपवणं किंवा मुळं मारणं, याखेरीज तिसरा रस्ता नाही.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा, कारण त्यावरून कामाचा क्रम उलटा होतो. काही झाडं फक्त बुंध्यातून फुटतात. सुबाभूळ त्यातली. वेडी बाभूळही बुंध्यातूनच फुटते, पण तिचे डोळे जमिनीच्या थोडे खालीही असतात, त्यामुळे ती जमिनीलगत कापून काहीच साधत नाही. दुसरी झाडं आडव्या मुळांवरून, बुंध्यापासून कितीतरी फूट लांब नवे कोंब काढतात. कागदी तुती, पिचकारीचं झाड, थंड प्रदेशांत बोकाळलेला एलँथस, ब्लॅक लोकस्ट ही या गटातली. अशा झाडाचं खोड आधी कापलं तर मुळांना जणू फुटण्याचा हुकूमच मिळतो आणि एका झाडाच्या जागी वीस उभी राहतात. तिथे झाड उभं असतानाच, हिरवी पानं अंगावर असतानाच, खोडाला खाचा पाडून औषध द्यायचं, ते मुळांपर्यंत उतरू द्यायचं, पानं पिवळी पडून झडायला लागली की मगच कापायचं. एलँथसच्या बाबतीत यासाठी निदान महिनाभर थांबावं लागतं. बहुतेक पाईनची गोष्ट एकदम वेगळी. सगळ्यात खालच्या जिवंत फांदीच्या खाली कापलं की ते संपतात, औषधाची गरजच पडत नाही.

आपल्या बागेतलं झाड कोणत्या गटातलं आहे ते कळत नसेल, तर आजूबाजूला उगवलेलं एखादं पिल्लू निवडा आणि त्याच्या बुडाशी बोटांनी माती उकरा. बियांपासून आलेलं रोप असेल तर खाली सरळ उतरणारं सोटमूळ दिसेल, वर जाड आणि खाली निमुळतं. मुळावरचा फुटवा असेल तर कोंब एका आडव्या मुळावर काटकोनात उभा असतो, आणि ते मूळ दोन्ही बाजूंना मातीत पुढे गेलेलं असतं. हे मूळ बहुधा कोंबापेक्षा जाड असतं, त्यामुळे एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

तुमच्याकडे सुबाभूळ आहे, म्हणजे आधी कापा, लगेच खुंटाला औषध लावा.

औषधांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण शेजारच्या झाडांचं भवितव्य इथेच ठरतं. तणनाशकांचे आपल्या कामापुरते दोन वर्ग करा. पहिल्या वर्गातली मातीत पडली की मातीच्या कणांना घट्ट चिकटतात आणि मुळांवाटे जवळपास आत शिरत नाहीत. ग्लायफोसेट हे त्याचं ठळक उदाहरण. दुसऱ्या वर्गातली मातीत मोकळी राहतात, पाण्याबरोबर सरकतात आणि जे मूळ भेटेल त्यातून वर चढतात. इमॅझापायर, पिक्लोरॅम, हेक्साझिनोन, डायकॅम्बा यांचा यात समावेश होतो. खुंट मारायला ती फार प्रभावी असतात, आणि म्हणूनच कुणीतरी हमखास सुचवतं. बागेत ती आणूच नका. खुंटावर लावलेलं इमॅझापायर मुळांतून मातीत उतरून शेजारचं झाड मारू शकतं. तुम्ही ज्याला घाबरता आहात ते नेमकं हेच.

ट्रायक्लोपायर या दोहोंच्या मध्ये बसतं. ते मातीत काही आठवडे ते एक-दोन महिने टिकतं आणि थोडंफार हलतं, पण ब्रशने खुंटापुरतं लावलं तर बागेत वापरता येतं. सुबाभळीवर ते ग्लायफोसेटपेक्षा जास्त खात्रीचं आहे. ग्लायफोसेटने सुबाभळीचे खुंट काही वेळा अर्धवट मरतात आणि नंतर आलेल्या कोंबांना पुन्हा हात लावावा लागतो. तरी अगदी खुंटाला खेटून अनंत असेल तिथे मी ग्लायफोसेटच निवडतो आणि दुसऱ्यांदा काम करायची तयारी ठेवतो. ट्रायक्लोपायरमध्येही दोन रूपं मिळतात. तेलात मिसळणारं एस्टर रूप कडक उन्हात वाफ होऊन हवेत जातं, आणि त्या वाफेने वरच्या कोवळ्या पानांना इजा होते. पाण्यात मिसळणारं रूप घ्या. टू-फोर-डी या तणनाशकाची काही रूपंही अशीच उडतात, जास्वंदीच्या शेजारी ती नकोत.

कोणतं औषध कुठे, कोणी आणि कशासाठी वापरायचं याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, काही ठिकाणी घरच्या बागेत ते स्वतः वापरायलाही बंदी आहे. लेबलवर खुंटासाठीची शिफारस आणि प्रमाण छापलेलं असतं, ते पाळा. ग्लायफोसेटच्या सुरक्षिततेबद्दल वाद आहे हेही जाणून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली त्याला बहुधा कर्करोगकारक गटात टाकलं, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मत त्याविरुद्ध आहे. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांना चष्मा आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणं, यात तडजोड करू नका. औषध मुळीच नको वाटत असेल तर बिनऔषधी रस्ताही आहे, तो पुढे सांगतो.

आता प्रत्यक्ष खुंट. खोड जमिनीपासून चार बोटं वर, शक्य तितकं सपाट कापा. तिरका काप दिला तर औषध उताराने ओघळून एका बाजूच्या मातीत जातं. कापल्यावर खुंटाच्या तोंडाकडे नीट पाहा. मधला भाग गडद, कोरडा, लालसर-तपकिरी असतो. तो गाभा मृत असतो, त्याला औषध पाजून उपयोग शून्य. त्याभोवती फिकट, ओलसर लाकूड असतं, आणि त्याच्या अगदी कडेला, सालीला चिकटून, नखाने खरवडलं तर चिकट लागेल असा पातळ हिरवट-पांढरा थर असतो. झाड जिवंत आहे ते या थरात. पानांतलं अन्न याच भागातून खाली मुळांकडे जातं आणि औषधही इथूनच उतरतं. म्हणून कडेपासून आत दोन-तीन सेंटिमीटरचं कडं तेवढं रंगवायचं. बुंध्यावर साल उकलली असेल किंवा जमिनीवर आलेल्या मुळाची साल सोलली असेल, तर तिथेही ब्रशचा एक हात फिरवा.

लाकडाचा भुसा आधी झाडून टाका. तो खुंटावर राहिला तर औषध शोषून घेतो आणि आत जाऊ देत नाही. औषधात पाणी मिसळायचं असेल तर स्वच्छ, नितळ पाणी घ्या. ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटतं हा त्याचा गुण बागेला वाचवतो, पण गढूळ पाण्यात तोच गुण औषध डब्यातच निकामी करतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत ते कालवू नका, त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू तयार होतो. प्लॅस्टिकचं लहान, रुंद बुडाचं भांडं घ्या, जे चुकून लवंडणार नाही.

वेळेचं भान सगळ्यात महत्त्वाचं. काप दिल्यापासून पाच मिनिटांच्या आत औषध लागलं पाहिजे. कापलेल्या जागी हवा शिरते, चीक वाळतो, आणि आत ओढून घेणारा मार्ग बंद होतो. सकाळी सगळी झाडं कापून ठेवून संध्याकाळी औषधाचा डबा काढणं म्हणजे काम वाया घालवणं. एक जण कापतो आणि दुसरा ब्रश घेऊन शेजारी बसतो, असंच हे काम व्हायला हवं. उशीर झालाच, तर खुंटाची वरची एक पातळ चकती पुन्हा कापून ताजा भाग उघडा करा. मनगटाएवढ्या खुंटाला चहाच्या चमच्याहून जास्त औषध लागत नाही. कडेवरून खाली ओघळायला लागलं की जास्त झालं असं समजा. फवारणी करू नका, पंप बागेत आणूच नका. फवाऱ्याचे बारीक थेंब वाऱ्याने कामिनीच्या पानांवर कधी बसले ते कळतही नाही. कळतं ते काही आठवड्यांनी, नवी पानं अरुंद, दोरीसारखी, पिवळट आणि एकाच जागी झुपक्याने यायला लागली की. शेजारच्या रोपांचे खालचे फाटे कापडाच्या पट्टीने मागे बांधा आणि उरलेल्यांवर पुठ्ठा आडवा धरा. हिरव्या सालीवरही थेंब पडू देऊ नका, कारण कोवळ्या हिरव्या खोडातून ग्लायफोसेट आत जातं.

मग मुळांतून शेजाऱ्यापर्यंत जाण्याचं काय? वेगवेगळ्या जातींची मुळं मातीत एकमेकांत गुंततात, घासतात, पण त्यांच्या आतल्या रस वाहणाऱ्या नळ्या क्वचितच एक होतात. सुबाभळीच्या मुळातलं औषध अनंताच्या मुळात शिरायला रस्ताच नसतो. ग्लायफोसेटचा जो अल्पसा अंश मुळांतून बाहेर पडेल, तो माती धरून ठेवते. निव्वळ वाळूची जमीन असेल तर ही पकड ढिली असते, तिथे जास्त हात आखडावा. एकाच जातीची झाडं मात्र खरोखर जोडलेली असू शकतात. त्यांची मुळं एकमेकांवर घासून कलम झाल्यासारखी जुळतात, आणि एकाच मुळावरून आलेले फुटवे तर मुळात एकच झाड असतं. तेव्हा या सुबाभळींपैकी एक सावलीसाठी ठेवायची आणि बाकीच्या मारायच्या असा विचार असेल, तर ठेवलेलीलाही बाधा होऊ शकते हे गृहीत धरा. माझं मत विचाराल तर एकही ठेवू नका. शेंगा देणारं एक झाड उरलं तरी सगळं काम दरवर्षी नव्याने करावं लागतं.

हंगाम नेमका निवडला तर अर्धं काम झाड स्वतःच करतं. वसंतात किंवा पहिल्या पावसानंतर नवी पालवी येते तेव्हा रस वर चढत असतो. त्या वेळी खुंटातून पाणी पाझरतं आणि औषध बाहेर फेकलं जातं. पानं पूर्ण वाढून जून झाली, वाढ मंदावली, की झाड अन्न खाली मुळांकडे पाठवायला लागतं. त्या काळात लावलेलं औषध त्याच प्रवाहाबरोबर मुळाच्या टोकापर्यंत उतरतं. पावसाळी हवामानात पावसाळा सरता सरता, आणि कडक हिवाळ्याच्या प्रदेशात उन्हाळ्याच्या शेवटापासून पानगळीच्या आधीपर्यंत हा काळ येतो. पाण्याअभावी झाड मरगळलेलं असेल तर थांबा, आत काहीच वाहत नसेल तर औषधही वाहणार नाही. आणि पुढच्या दिवसभरात पावसाची चिन्हं नकोत.

मीठ, मोरचूद, रॉकेल, ॲसिड, जुनं इंजिन ऑइल हे उपाय कितीही जणांनी सांगितले तरी करू नका. मीठ पाण्याबरोबर पसरतं, मातीचे कण विस्कटून तिला दगडासारखी घट्ट करतं आणि शेजारच्या प्रत्येक मुळाचं पाणी तोडतं. मोरचुदातलं तांबं मातीत साचून राहतं, ते विरून जात नाही. सुबाभूळ चिवट असल्याने यातूनही अनेकदा वाचते आणि मरतो तो अनंत.

बिनऔषधी मार्गात साठवण संपवण्याचं काम तुम्हाला हाताने करायचं असतं. नवा कोंब सुरुवातीला मुळांतल्या साठ्यावर वाढतो, आणि पानं पुरती उघडली की उलट साठ्यात भर घालायला लागतो. म्हणून पानं पूर्ण उघडायच्या आत कोंब काढायचा. वाढीच्या हंगामात दर दोन-तीन आठवड्यांनी खुंटाभोवती फेरी मारा. कोंब कात्रीने कापू नका, खाली ओढून बुडासकट तोडा, म्हणजे तळाचे डोळेही निघून येतात. मधल्या काळात खुंटावर जाड काळं प्लॅस्टिक घट्ट बांधून त्यावर माती किंवा आच्छादन टाकलं तर अंधारात आलेले कोंब फिकट आणि दुबळे निघतात. मनगटाएवढ्या सुबाभळी अशा एक-दोन हंगामांत थकतात. मांडीएवढीला जास्त वेळ लागेल. दोन महिने चुकलं तर झाडाने साठा पुन्हा भरून घेतलेला असतो, तेव्हा नेमाने होणार असेल तरच हा रस्ता धरा. सालीचं हातभर रुंद कडं काढून झाड उभंच वाळवण्याचा उपाय एकाकी जागी ठीक आहे. तुमच्याकडे नको, कारण वाळलेल्या फांद्या खाली रोपांवरच पडणार.

खणण्याबद्दल. मुळं झाडाच्या उंचीइतकी खोल जातात असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची पाणी-अन्न शोषणारी तंतुमुळं वरच्या फूटभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे पसरतात. अनंताची मुळं तर फारच उथळ असतात. मोठं झाड वाचवायचं असेल तर छातीच्या उंचीला त्याच्या खोडाची जाडी मोजा आणि तिच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ त्याच्याभोवती आखा. खोड 20 सेंटिमीटर असेल तर 2.4 मीटर. या वर्तुळात कुदळ घालायची नाही, माती वर चढवायची नाही, ओझं ठेवायचं नाही. तुमची झाडं इतकी दाटीने आहेत की ही वर्तुळं एकमेकांवर चढतील, म्हणूनच मांडीएवढा बुंधा खणून काढायचा नाद सोडा. खुंट जमिनीत राहू द्या, तो कुजेल. त्यावर बुरशीच्या छत्र्या उगवल्या तर बहुतेक वेळा त्या मेलेलं लाकूड खाणाऱ्या असतात आणि शेजारच्यांना त्रास देत नाहीत. फक्त शेजारच्या जिवंत झाडाच्या बुंध्यावर टणक, फळीसारखी बुरशी दिसली तर दुर्लक्ष करू नका. काही मूळकुजव्या बुरशी जुन्या खुंटांतून पसरतात.

पेन्सिलीएवढी रोपं मात्र उपटायचीच. माती चांगली भिजलेली असताना, बुडाशी पकडून, दुसऱ्या हाताने शेजारची माती दाबून धरून सरळ वर ओढा. सुबाभळीचं सोटमूळ लहानपणीच खोल जातं, त्यामुळे कोरड्या मातीत रोप वरच्या वर तुटतं आणि उरलेल्या बुडखातून पुन्हा फुटतं. अनंताच्या मुळांत अडकलेलं रोप उपटू नका. ते कापून टोकाला औषधाचा एक थेंब लावा, किंवा वर सांगितल्याप्रमाणे कोंब काढत राहा.

खोड पाडण्याआधी फांद्या वरून खाली एकेक करत उतरवा. जड फांदीला आधी खालून एक तिहाई काप द्या, मग थोडं पुढे वरून कापा, म्हणजे ती फाटून साल ओढत खाली झेपावत नाही. दोरी बांधून सोडली तर जमिनीपर्यंत हळूच येते. वीजवाहिनी जवळ असेल, किंवा झाड घरावर झुकलेलं असेल, तर प्रशिक्षित माणसाला बोलवा. पक्ष्यांची घरटी आहेत का ते बघा, आणि झाड तोडायला स्थानिक परवानगी लागते का हेही आधीच विचारा, उपद्रवी झाडांनाही ती बरेचदा लागते. झाडांच्या मधून ये-जा करायला एकच वाट ठरवा आणि तिच्यावर लाकडाच्या चिपाट्यांचा वीतभर थर किंवा फळ्या टाका. ओल्या मातीवर दिवसभर चाललेले पाय तिच्यातली हवा काढून टाकतात, आणि ते नुकसान महिन्यांनी दिसतं, जेव्हा कारण कुणाच्या लक्षातही नसतं.

मग ऊन. अनंत, कामिनी यांची पानं सावलीत वाढलेली असतील तर ती पातळ आणि रुंद असतात. अशी पानं थेट उन्हात आली की मधोमध तपकिरी डाग पडतात, आणि माणूस समजतो औषध लागलं. फरक ओळखता येतो. उन्हाचा डाग आधीच्याच पानांवर, उन्हाकडच्या बाजूला पडतो आणि पुढची पालवी निरोगी येते. औषधाची बाधा नव्या पालवीत दिसते. म्हणून सगळ्या सुबाभळी एका दिवशी पाडू नका. काही आठवड्यांच्या अंतराने, उन्हाच्या विरुद्ध बाजूपासून सुरुवात करत दोन-तीन टप्प्यांत काढा. शेवटच्या टप्प्यानंतर महिनाभर अर्धं ऊन अडवणारं हिरवं जाळं वर बांधा. या काळात खत घालू नका. पाणी हात लावून माती बघूनच द्या, कारण रोज पाणी पिणारी मोठी झाडं गेली की जमीन पूर्वीपेक्षा जास्त ओली राहते.

सुबाभळीचं खरं बळ तिच्या शेंगांत आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही वनस्पती चारा आणि सरपणासाठी जगभर मुद्दाम लावली गेली, आणि आज ती जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे. एका चपट्या शेंगेत साधारण पंधरा-वीस बिया असतात. त्यांचं कवच इतकं टणक असतं की त्या मातीत वर्षानुवर्षं, दहा वर्षांहूनही अधिक, जिवंत पडून राहतात. झाडं गेल्यावर ऊन जमिनीवर पोचतं आणि या बिया झुंडीने उगवतात. म्हणून शेंगा असलेल्या फांद्या आधी, शेंगा हिरव्या असतानाच उतरवा आणि पिशवीत बंद करून वेगळ्या ठेवा. कंपोस्टमध्ये घालू नका, साध्या ढिगाची ऊब या बियांना मारायला पुरत नाही. शेंगा काढलेली हिरवी पानं मात्र आच्छादनाला चांगली, त्यांत नत्र भरपूर असतं. जमीन खणून, चाळवून सारखी करू नका, कारण खाली गाडलेल्या बिया वर येतात. त्याऐवजी सात ते दहा सेंटिमीटर जाड आच्छादन घाला, झाडांच्या बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडून. मोकळ्या झालेल्या जागेत लवकरात लवकर दाट वाढणारी झुडपं किंवा जमीन झाकणारी रोपं लावा. ग्लायफोसेट वापरलं असेल तर खुंटापासून हातभर अंतर सोडून लगेच लावता येतात, ट्रायक्लोपायरनंतर एक-दोन महिने थांबा. लाकडाच्या चिपा मातीत मिसळू नका, वरच राहू द्या. मिसळल्या तर त्या कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात.

तुमच्या बागेपुरता क्रम असा ठेवा. या हंगामात सगळ्या शेंगा उतरवा आणि लहान रोपं उपटा. पावसाळा सरताना मनगटाएवढ्यांपैकी अनंतापासून लांब असलेल्या कापून खुंटांना ट्रायक्लोपायर लावा. काही आठवड्यांनी मांडीएवढी काढा, ती वरून तुकड्यातुकड्याने उतरवून. अनंताला खेटून असलेल्या सगळ्यात शेवटी, ग्लायफोसेटने. कोंब आले तर गुडघ्याएवढे होण्याची वाट न बघता ते कापून ताज्या कापावर पुन्हा ब्रश फिरवा. पुढच्या पालवीच्या हंगामात दर महिन्याला एक फेरी, नंतरची काही वर्षं प्रत्येक पावसानंतर एक.

कढीपत्त्याभोवती जास्त सावध राहा. कढीपत्ताही स्वतःच्या मुळांवरून फुटवे काढतो, आणि सुबाभळीच्या पिल्लांच्या गर्दीत ते सहज मिसळतात. पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय तिथल्या कोणत्याही कोंबाला औषध लावू नका. तो फुटवा आणि मोठं झाड एकाच मुळावर आहेत, आणि तिथे लावलेला थेंब सरळ जुन्या कढीपत्त्यात जाईल.